दहास एक: वॉशिंग्टनच्या स्तंभातलं इजिप्तचं माप

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनमधल्या ‘वॉशिंग्टन मॉन्युमेंट’ या उंच पांढऱ्या स्मारकस्तंभाकडे नीट पाहिलं, तर जमिनीपासून सुमारे १५० फुटांवर संगमरवराचा रंग बदललेला दिसतो. १८४८ साली सुरू झालेलं काम १८५४ मध्ये पैसा आणि राजकारण या दोन्हींपायी तिथेच अडलं. पंचवीस वर्षांनी ते पुढे सरकलं, तेव्हा दगड दुसऱ्या खाणींतला होता.

वास्तुकार रॉबर्ट मिल्सच्या मूळ आराखड्यात मधोमध इजिप्शियन ओबेलिस्क, म्हणजे वर निमुळता होत जाणारा चौकोनी, टोकदार स्तंभ होता आणि पायथ्याशी ग्रीक वळणाच्या खांबांची गोल ओवरी. ओवरी कधी बांधलीच गेली नाही. माझ्या मते ते स्मारकाच्या पथ्यावरच पडलं.

पण उंची किती ठेवायची? मिल्सने ६०० फूट धरली होती. इटलीतले अमेरिकेचे राजदूत जॉर्ज पर्किन्स मार्श यांनी रोममधल्या इजिप्शियन ओबेलिस्कांचा अभ्यास करून कळवलं, की उंची बुंध्याच्या रुंदीच्या साधारण दहापट हवी. बुंधा ५५ फुटांचा, म्हणून स्तंभ ५५५ फुटांचा झाला. टोकाचा पिरॅमिडही ५५ फुटांचा. लांबून तो डौलदार वाटतो, त्यामागे हा हिशेब आहे.

आतली गोष्ट मात्र अगदी वेगळी. इजिप्तचा ओबेलिस्क म्हणजे एकसंध ग्रॅनाइट. आस्वानच्या खाणीत असा एक अर्धवट कोरलेला, सुमारे ४२ मीटर लांबीचा ओबेलिस्क आजही आडवा पडलाय. पुरा झाला असता, तर वजन हजार टनांच्या वर गेलं असतं. कारागिरांनी डोलेराइट या कठीण दगडाच्या गोट्यांनी ठेचून ठेचून त्याच्या कडेने चर खणले. मग दगडालाच तडा गेला आणि सगळी मेहनत वाया गेली. ठेचल्याच्या खुणा त्या चरांत अजून दिसतात.

१६९ मीटरचा अखंड दगड काढणं आणि उभा करणं अशक्यच. म्हणून वॉशिंग्टनचा स्तंभ पोकळ आहे, हजारो दगड रचून बांधलेला. भिंत बुंध्याशी १५ फूट जाड, वर जाता जाता ती १८ इंचांवर येते. जुना पाया एवढा भार पेलणार नाही, म्हणून अभियंता थॉमस केसी याने उभ्या बांधकामाखालची माती काढून तिथे काँक्रीट भरलं.

इजिप्शियन लोक ओबेलिस्कचं टोक सोन्याने किंवा सोन्या-चांदीच्या मिश्रधातूने मढवत. केसीला तिथे वीज झेलणारा धातू हवा होता. त्याने निवडलं अॅल्युमिनिअम, जे त्या काळी चांदीच्या भावाने विकलं जाई. पावणेतीन किलोंहून थोडं जास्त भरणारं हे टोक आधी न्यूयॉर्कच्या एका दुकानात मांडलं होतं. लोक त्यावरून उडी मारत आणि ‘स्मारकाच्या शेंड्यावरून उडी मारली’ म्हणून सांगत सुटत! ६ डिसेंबर १८८४ रोजी ते वर बसलं.

ओवरीसोबत गळालेला ग्रीस १९२२ मध्ये थोड्या अंतरावर आला, लिंकन स्मारकाच्या रूपाने. त्याचे डोरिक या साध्या ग्रीक शैलीचे ३६ खांब किंचित आत कललेले आहेत. ते ओळंब्यात उभे केले असते, तर वरचा भाग बाहेर झुकल्यासारखा भासला असता. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराचे बाहेरचे खांबही असेच आत कलते आहेत.