बाळंतिणीची बाई

बाळंतिणीची बाई : प्रसूतीनंतरच्या साधारण सव्वा महिन्यात बाळंतीण व तान्हे मूल यांची अंगमेहनतीची आणि देखरेखीची कामे मोबदला घेऊन करणारी, नात्यातली नसलेली स्त्री. मुंबईत तिला मालिशवाली, आंघोळीची बाई किंवा नुसते ‘मावशी’ म्हणतात. गुजराती-मारवाडी घरांतून ‘जापावाली’ हे नाव शहरभर पसरले. अलीकडे इंग्रजी शिकलेल्या मध्यमवर्गात ‘पोस्टपार्टम डूला’ ही संज्ञा रुळू लागली आहे. मालिशवाली तास-दोन तासांपुरती येते, जापावाली बहुधा दिवसभर, रात्रभर किंवा चोवीस तास राहते आणि डूला हातांच्या कामापेक्षा सोबत व माहिती यांवर भर देते. प्रत्यक्षात या सीमा पुष्कळदा पुसल्या जातात.

प्राचीन आधार : सूतिकेच्या (बाळंतिणीच्या) परिचर्येचे जुने आणि सविस्तर वर्णन चरकसंहिता व सुश्रुतसंहिता या आयुर्वेदीय ग्रंथांच्या शारीरस्थान या विभागांत मिळते. दोन्ही ग्रंथ अनेक संस्करणांतून आजच्या रूपाला आल्यामुळे त्यांतील एखादा भाग नेमक्या शतकात बसवणे धोक्याचे आहे. इसवी सनाच्या आगेमागे काही शतके एवढाच पल्ला सामान्यतः धरतात. चरकसंहितेत शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात प्रसूतेला स्नेहपान (तूप-तेलासारखे स्निग्ध पदार्थ पिण्यास) द्यावे, तूप व तेल यांनी अभ्यंग करावा आणि मोठ्या, स्वच्छ वस्त्राने पोट वेष्टावे असे सांगितले आहे. पोटात पोकळी राहिली नाही म्हणजे वायू तेथे विकार करीत नाही, हे त्याचे कारण दिलेले आहे. जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्याने पोट बांधण्याची मराठी घरांतील रीत या उल्लेखाशी ताडून पाहता येते. सुश्रुताने (शारीरस्थान, अध्याय १०) बलातेलाचा अभ्यंग व वातहर काढे सांगितले असून दीड महिना पथ्यपाणी सांभाळल्यावर स्त्रीची ‘सूतिका’ ही अवस्था संपते असे म्हटले आहे. काहींच्या मते ती पुन्हा ऋतुदर्शन होईपर्यंत राहते, हे मतांतरही त्याने तेथेच नोंदवले आहे.

हा दीड महिना, लोकव्यवहारातील सव्वा महिना आणि आधुनिक वैद्यकातील ४२ दिवस हे तिन्ही आकडे जवळजवळ येतात, म्हणून त्यांना एकाच सूत्रात ओवण्याचा मोह होतो. तथापि सव्वा महिन्याचे बंधन देवदर्शन, देवघर आणि घराबाहेर पडणे यांच्याशी जोडलेले आहे. त्यामुळे ते वैद्यकापेक्षा सोयराच्या कल्पनेतून आले असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

परिचर्या कोणी करावी, याबद्दलही दोन्ही संहिता बोलतात. चरकाला अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, प्रसंगावधानी, खचून न जाणाऱ्या आणि कष्ट सोसणाऱ्या स्त्रिया अपेक्षित आहेत. सुश्रुत प्रसूतीच्या वेळी चार प्रौढ, प्रसूतिकुशल स्त्रिया असाव्यात असे सांगतो आणि त्यांची नखे कापलेली असावीत अशी अट घालतो. (जंतूंची कल्पना नसतानाही ही अट घातली गेली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.) प्रसूतीनंतर दहा किंवा बारा दिवस अशा स्त्रियांनी व सुहृदांनी सूतिकेजवळ जागत राहावे, असेही चरकसंहितेत आहे. रात्रपाळीच्या सोबतीचा इतका जुना उल्लेख क्वचितच सापडतो. मात्र या वर्णनात मोबदल्याचा उल्लेख नाही आणि दूध पाजणाऱ्या धात्रीचे प्रकरण वेगळे आहे. म्हणून आजच्या पगारी बाईचे मूळ थेट येथे शोधणे ताणलेले ठरते.

मुंबईतील उगम : याविषयी मुख्यतः तीन मते मांडता येतात. पहिल्या मतानुसार हा गावातील सुईणीच्या कामाचा उरलेला भाग होय. सुईणपण अनेक ठिकाणी न्हावी, मांग इ. जातींतील स्त्रियांकडे असे. बाळाची नाळ कापणे, वार पुरणे, शेक देणे आणि पहिल्या दिवसांतील न्हाऊमाखू ही सारी कामे एकाच बाईकडे असत. तिला लुगडे-चोळी, नारळ व धान्य मिळे. दुसऱ्या मतानुसार ही बाई युरोपीय व पारशी घरांत मुले सांभाळणाऱ्या नोकर आयांची वारस आहे. तिसरे मत सूतिकागृहांतील आया व दाया यांच्याकडे बोट दाखवते. रुग्णालयात हाताखाली शिकलेली कामे त्या सुटीच्या वेळी बाहेरच्या घरांत करू लागल्या, असे ते सांगते.

शहराचा इतिहास पाहता पहिले आणि तिसरे मत एकत्र घेणे योग्य वाटते. स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून डफरिन फंड १८८५ मध्ये स्थापन झाला. स्त्रिया व मुले यांच्यासाठीचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. फोर्ट भागात पारशी सूतिकागृह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभे राहिले. तळमजल्यावरच्या दमट खोल्यांत बाळंत होणाऱ्या पारशी स्त्रियांतील सूतिकाज्वर (प्रसूतीनंतर जंतुसंसर्गाने येणारा ताप) रोखणे हा त्यामागील हेतू होता. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने १९०३ मध्ये दायांच्या प्रशिक्षणासाठी निधी उभारला गेला. परळचे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ चे. पुढे परिचारिका व प्रसाविकांच्या नोंदणीचा कायदा आला आणि नोंदणी नसलेल्या सुईणीचे प्रसूतीतील स्थान आक्रसत गेले. नाळ कापण्याचे काम रुग्णालयाकडे गेले, पण मालिश, शेक आणि आंघोळ घरीच राहिली. तेवढ्यासाठी जी बाई येत राहिली ती बहुतेक सुईणीच्याच घराण्यातली किंवा तिच्या हाताखालची असावी. नोकर आयांविषयीचे दुसरे मत दक्षिण मुंबईतील काही श्रीमंत घरांपुरते खरे असू शकेल. लालबाग-परळच्या चाळींना ते लागू पडत नाही.

गिरणगावात स्त्रीने बाळंतपणासाठी कोकणात वा घाटावर माहेरी जाण्याची रूढी होती आणि ती आकडेवारीतही डोकावते. १९२१ साली मुंबईतील बालमृत्यूचे प्रमाण दर हजार जन्मांमागे सहाशेच्या वर नोंदले गेले. हा आकडा भीषण आहेच, पण तो जसाच्या तसा घेता येत नाही. शहराबाहेर जन्मून आईबरोबर परत आलेली मुले जन्मनोंदीत नसत, मृत्यूनोंदीत मात्र येत. शिवाय जन्मांची नोंद मुळातच अपुरी होती. तरीही एकखणी बिऱ्हाडात बाळंतिणीला वेगळी जागा मिळणे अशक्य होते, ही वस्तुस्थिती उरते. कोपऱ्यातल्या मोरीत न्हाणी आणि आडोशाला दोरीवरचे लुगडे, अशा व्यवस्थेत जी शहरातच बाळंत होई तिला चाळीतलीच एखादी जाणती बाई लागे. मुंबई इलाख्याचा प्रसूतिलाभ कायदा १९२९ चा. १९२८ मध्ये विधिमंडळात या विधेयकाच्या बाजूने बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतिकाळातील विश्रांती हा राष्ट्रहिताचा प्रश्न मानला होता.

कामाचे स्वरूप : तेल लावणे, बाळाला पसरलेल्या पायांवर घेऊन न्हाऊ घालणे, धुरी, शेक आणि घट्ट गुंडाळून निजवणे हा क्रम सर्वपरिचित आहे. मुंबईत त्यात झालेले बदल मात्र नोंदवले पाहिजेत. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची रीत सदनिकांत जवळपास बंद झाली असून गरम तव्यावर कापडाची घडी तापवून किंवा रबरी पिशवीने शेकतात. ओवा, बाळंतशोपा, वावडिंग व लसणाची साले यांची धुरी काही घरांत अजून दिली जाते. बंद खोलीतला धूर नवजाताच्या श्वासमार्गाला अपायकारक असल्याने बालरोगतज्ज्ञ तिला विरोध करतात. टाळू तेलाने भरणे, नाक-डोके चोळून ‘आकार देणे’, वेखंड लावणे आणि बाळगुटी उगाळणे यांवरून घरातील वडीलधारी मंडळी, बाई आणि डॉक्टर यांच्यात नेहमी मतभेद होतात. त्यात बाईचा शब्द अनेकदा शेवटचा ठरतो, कारण रोज हात लावणारी तीच असते.

आहाराची जबाबदारी पूर्वी सासू किंवा आई सांभाळे. आता ‘बाळंतिणीचा स्वयंपाक’ हे जापावालीच्या कामात धरले जाते. अळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू, शेपूची भाजी, जेवणानंतर भाजलेला ओवा, शोपा, तीळ व खोबरे हे पदार्थ मराठी घरांत समान आहेत. किनारपट्टीच्या समाजांत मुशी (मोरी) माशाच्या कालवणाने दूध वाढते अशी समजूत आहे.

डूला : या व्यवसायाची आधुनिक मांडणी अमेरिकेतली. मानवशास्त्रज्ञ डेना राफाएल यांनी १९७३ मध्ये स्तनपानाविषयी लिहिताना नव्या आईच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या अनुभवी स्त्रीसाठी ही संज्ञा वापरली, म्हणजे तिचा पहिला रोख प्रसूतीनंतरच्या दिवसांवर होता. ग्वातेमालातील प्रसूतीवर झालेल्या व १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानंतर मात्र प्रसूतिकळांतील सोबत हा तिचा मुख्य अर्थ झाला आणि १९९२ मध्ये उत्तर अमेरिकेत डूलांची संघटना स्थापन झाली. पुराव्यांची स्थितीही तशीच विषम आहे. प्रसूतीच्या वेळी सलग सोबत लाभलेल्या स्त्रियांत सिझेरियनचे प्रमाण घटते, असा २०१७ च्या कोक्रेन समीक्षेचा (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र पारखणाऱ्या अहवालाचा) निष्कर्ष असून तिच्यामागे २६ चाचण्या व १५ हजारांहून अधिक स्त्रिया आहेत. प्रसूतीनंतरच्या डूलेबाबत तेवढ्या तोलाचा पुरावा नाही. मुंबईतील जाहिरातींत पहिला निष्कर्ष दुसऱ्या सेवेसाठी सर्रास वापरला जातो, तो ग्राह्य नाही.

मुंबईत डूलेची मागणी मुख्यतः विभक्त कुटुंबांतून येते. आई परगावी किंवा स्वतः नोकरीत, नवरा दोन आठवड्यांत कामावर आणि स्त्रीला सिझेरियनचे टाके, अशी परिस्थिती सामान्य आहे. (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार भारतातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या.) डूला बाळ छातीशी कसे धरावे ते दाखवते, आईला झोप मिळावी म्हणून बाळ सांभाळते, पाहुण्यांना आवरते आणि तिचे ऐकून घेते. तपासणी करणे, औषध सांगणे किंवा टाक्यांची मलमपट्टी करणे तिच्या कक्षेत येत नाही. स्तनपान-सल्लागार हा वेगळा, प्रशिक्षणावर आधारलेला व्यवसाय आहे, परंतु एकच स्त्री दोन्ही नावे लावताना आढळते. नेदरलँड्समध्ये अशी घरपोच प्रसूतिसेवा मूलभूत आरोग्यविम्यात अंतर्भूत आहे. भारतात ती पूर्णतः खाजगी खर्चाची बाब आहे.

गरीब वस्त्यांत याच गरजेला सार्वजनिक व्यवस्थेने वेगळे उत्तर दिले. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजाताच्या घरगुती देखभालीचे शिक्षण दिले. त्या प्रयोगात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात (२०११) रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्तीने ४२ दिवसांत सहा भेटी द्याव्यात अशी योजना आहे. मुंबईत शीव रुग्णालयातील नवजाततज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मानवी दुग्धपेढी सुरू केली आणि १९९९ मध्ये वस्त्यांत काम करणारी ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन केली.

वैद्यकीय मत : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींत बाळाची पहिली आंघोळ किमान २४ तास लांबवावी, नाळ स्वच्छ व कोरडी ठेवावी आणि निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला हलकी मालिश करण्यास हरकत नाही असे म्हटले आहे. म्हणजे मालिशीला विरोध नाही, जोराला आहे. सिझेरियन झालेल्या स्त्रीच्या पोटावर जखम भरेपर्यंत दाब देऊ नये. एका पोटरीला सूज व दुखणे असल्यास ती चोळू नये, कारण सूतिकावस्थेत शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध या नियमात बाळगुटी बसत नाही. अतिरक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तीव्र डोकेदुखी किंवा बाळाचे दूध तोडणे ही लक्षणे दिसल्यास शेक-काढ्यात वेळ घालवणे घातक ठरते.

मानसिक आजाराकडे पारंपरिक व्यवस्थेने फारसे लक्ष दिले नाही. गोव्यातील एका अभ्यासात (२००२) प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांत नैराश्य आढळले. दारिद्र्य आणि नवऱ्याकडून होणारा हिंसाचार ही त्याची जोखीमकारणे होती. मुलगी झाल्यास धोका वाढतो आणि मुलगा झाल्यास काहीसा आळा बसतो, असेही दिसले. पगारी बाईने झोप व विसावा मिळतो, त्याचा उपयोग होतोच. पण घरातल्या हिंसेवर किंवा मुलगी झाल्याच्या नाराजीवर ती उपाय ठरू शकत नाही.

नेमणूक व कायदा : ठरलेला दर नाही. तास, रात्रपाळी, जुळी मुले, स्वयंपाक आणि उपनगर यांनुसार तो बदलतो. एजन्सीमार्फत आलेल्या बाईच्या पगारातून वा त्यावर वेगळे कमिशन घेतले जाते. बारशाला साडी देण्याची रीत बहुतेक मराठी घरांत टिकून आहे. राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियम, २०२३ परिचारिका व प्रसाविकांचे नियमन करतो. डूला किंवा मालिशवाली त्याच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे डूलेची प्रमाणपत्रे खाजगी संस्थांची असतात. घरकाम करणाऱ्या स्त्रियांसाठी राज्यात महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ आहे, परंतु त्याखालील लाभ मंडळाकडे नोंदणी केलेल्यांनाच मिळतात. नोकरदार आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ही तरतूद प्रसूतिलाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने आली आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. तिच्या घरी कामाला येणाऱ्या बाईला ही तरतूद लागू होत नाही.