नागपूर : स्थानिक वेळ व भारतीय प्रमाणवेळ

नागपूर पूर्व रेखांश ७९° ५′ च्या आसपास वसले आहे, तर भारतीय प्रमाणवेळेचे रेखावृत्त (८२° ३०′ पूर्व) मिर्झापूरजवळून जाते. एका रेखांशास ४ मिनिटे या हिशेबाने नागपूरची माध्य स्थानिक वेळ (सूर्याच्या सरासरी गतीवरून ठरणारी तेथील वेळ) घड्याळाच्या सु. १३ मि. ४० से. मागे असते. सूर्याच्या भासमान गतीतील फरक धरता येथील खरा मध्यान्ह (सूर्य दिवसातील सर्वोच्च स्थानी येण्याचा क्षण) नोव्हेंबरच्या आरंभी ११.५७ च्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२.२८ च्या सुमारास होतो. मुंबईचा मध्यान्ह आणखी सु. २५ मिनिटांनी होतो. त्यामुळे मुंबईच्या पंचांगातील सूर्योदयास्त येथे जसेच्या तसे घेऊ नयेत.

शहरातील शून्य मैल स्तंभाचा कालगणनेशी संबंध नाही. तो सामान्यतः १९०७ च्या सुमाराचा मानतात. ब्रिटिशांनी तो देशाचा भौगोलिक मध्य म्हणून उभारला, हे मत रूढ आहे. मात्र लगतच्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली असल्याने सर्वेक्षणाचा आधारबिंदू ही त्याची ओळख अधिक सयुक्तिक वाटते. स्वातंत्र्योत्तर काळात मध्यबिंदूचा मान मध्य प्रदेशातील करौंदीलाही दिला जातो. ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी हा स्तंभ जोडला जातो, त्याचे प्रवर्तक विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे वारले. या सर्वेक्षणाचे रेखांश मद्रास वेधशाळेपासून मोजले जात.

पुढे त्याच वेधशाळेची वेळ रेल्वेने स्वीकारली. हा बदल साधारणपणे १८७० नंतरचा असावा. नागपूरला रेल्वे १८६७ मध्ये आली होती. मुंबईची वेळ येथील सूर्याच्या २५ मिनिटे मागे, कलकत्त्याची सु. ३७ मिनिटे पुढे, तर मद्रासची जेमतेम ५ मिनिटे पुढे होती. रेल्वेची वेळ आणि सूर्याची वेळ यांतील अंतर नागपूरइतके थोडे फारच कमी मोठ्या शहरांत असेल.

१ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ लागू झाली. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत, तर मुंबईने १९५५ पर्यंत टिकवली. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ घड्याळे तासभर पुढे होती.

भारताचा विस्तार सु. २९ रेखांशांचा, म्हणजे जवळजवळ दोन तासांचा आहे. आसामच्या चहामळ्यांतील ‘बागान वेळ’ प्रमाणवेळेच्या एक तास पुढे चालते. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी दोन कालविभाग सुचवले. दोहोंमधील सीमा ८९° ५२′ पूर्व असल्याने नागपूरचे घड्याळ त्यात बदलत नाही. संपूर्ण देशासाठी घड्याळ अर्धा तास पुढे करावे, असाही एक प्रस्ताव आहे. त्याचा मुख्य आधार संध्याकाळच्या विजेची बचत हा असून सीमेवर घड्याळ बदलण्याचा, विशेषतः रेल्वेतील, धोका त्यात टळतो. या दृष्टीने तो अधिक व्यवहार्य दिसतो. तो अमलात आल्यास नागपूरचा मध्यान्ह सरासरी १२.४४ च्या सुमारास होईल.