कुलूप दिसलं नाही म्हणजे निर्दोष नव्हे: ‘जस्टिस फॉर ऑल’मधली उलटतपासणी आणि सायकी-लॉक

‘मॅगातामा म्हणजे खोटं पकडायचं यंत्र.’ ‘जस्टिस फॉर ऑल’ या व्हिडिओ गेममधल्या जादूच्या मण्याबद्दल हे वाक्य दिसलं की पुढचं वाक्य मला आधीच ठाऊक असतं: ‘शेवटच्या खटल्यात कॅपकॉमने (खेळ बनवणाऱ्या कंपनीने) स्वतःचाच नियम मोडला.’ दुसरी तक्रार पहिल्या गैरसमजातूनच जन्माला आलेली आहे. या खेळात खऱ्या उणिवा बऱ्याच आहेत आणि त्यांच्याकडेही मी येणार आहे, पण ही त्यांतली नव्हे. उलट त्याचं सगळ्यात मोठं बळ नेमकं इथेच आहे. ते समजावून सांगायचं तर चौथ्या, म्हणजे शेवटच्या, खटल्याचं रहस्य फोडावंच लागेल. ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांनी आधी खेळून यावं.

खेळ म्हणजे ‘फिनिक्स राइट: एस अॅटर्नी – जस्टिस फॉर ऑल’, मालिकेतला दुसरा भाग. यात आपण फिनिक्स राइट हा बचावाचा वकील होऊन खटले लढवतो. मूळचा ‘ग्याकुतेन साइबान 2’, 2002 साली जपानमध्ये गेम बॉय अॅडव्हान्सवर आला. लेखन आणि दिग्दर्शन शू ताकुमी यांचं. 2006 मध्ये तो निन्टेन्डो डीएसवर आला आणि 2007 मध्ये अमेरिकेत इंग्रजीत आला.

उलटतपासणी पहिला भाग खेळलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ असते, त्यामुळे थोडक्यात. साक्षीदार पाच-सहा वाक्यं बोलतो. आपण ‘होल्ड इट’ म्हणून खोदून विचारतो, आणि एखादं वाक्य पुराव्याशी जुळत नसेल तर तो पुरावा समोर ठेवून ‘ऑब्जेक्शन’. पहिल्या खटल्यातलं उदाहरण घ्या. मेलेल्या पोलिसाच्या हाताजवळ वाळूत ‘मॅगी’ असं नाव लिहिलेलं सापडतं, म्हणजे मरताना त्याने खुनी कोण ते लिहून ठेवलं असं मानलं जातं. पण त्या नावाच्या शेवटी ‘आय-ई’ आहे आणि आरोपी मुलगी स्वतःचं नाव ‘ई-वाय’ने संपवते. ती त्याची प्रेयसी होती. प्रेयसीच्या नावाचं स्पेलिंग तो चुकणार नाही, म्हणजे ते लिहिणारा हात दुसऱ्याचा. इथे दोन गोष्टी आपल्यासमोर उघड पडलेल्या असतात आणि त्यांतली एक खोटी असते. कोणती, एवढंच ओळखायचं.

आता सायकी-लॉक. फिनिक्सची मदतनीस माया त्याला जो मॅगातामा देते, त्याच्यात दुसऱ्या खटल्यात तिची आठ वर्षांची मावसबहीण पर्ल आपली शक्ती भरते. त्यानंतर तो खिशात असताना समोरच्याला काही विचारलं आणि तो मनात काही दडवत असेल, तर पडदा काळवंडतो, साखळ्या खळखळतात आणि त्या माणसापुढे लाल कुलपं येऊन बसतात. एक ते पाच. मॅगातामा दाखवून सुरुवात करायची आणि एकेक पुरावा पुढे ठेवत कुलपं फोडायची.

पुरावा ठेवायचा, चूक झाली तर पडद्यावरची शिक्षेची पट्टी कमी व्हायची, बरोबर आलं तर समोरचा हबकायचा. वरवर सारखंच दिसतं, म्हणून लोक दोन्ही एकाच पिशवीत टाकतात. किरकोळ फरक मी मोजत बसत नाही. कोर्टात न्यायाधीश असतो आणि इथे नसतो. इथून मध्येच उठून जाता येतं आणि जास्त पुरावे गोळा करून परत येता येतं, कोर्टात तशी सोय नाही. हे खेळताना कळतंच.

न कळणारा फरक हा: उलटतपासणी वाक्याची होते. बोललेलं खरं की खोटं, हा तिचा विषय. सायकी-लॉकमध्ये फोडायला वाक्यच नसतं. समोरचा खोटं बोललेला नसतो, तो बोललेलाच नसतो. म्हणून तिथे विसंगती शोधणाऱ्याचं डोकं चालत नाही. तुम्हालाच आधी अंदाज बांधावा लागतो, की हा अमुक एक गोष्ट लपवतोय, आणि मग त्या अंदाजाला पुराव्याचा आधार द्यावा लागतो. उलटतपासणीत पुरावा साक्ष पाडतो, सायकी-लॉकमध्ये पुरावा तुमचं म्हणणं उभं करतो. अडकलेले बहुतेक लोक इथेच अडकतात. ते ‘याच्या बोलण्यात चूक कुठे’ हे शोधत राहतात, आणि तिथे चूक नसतेच.

मराठीत खोटं बोलणं वेगळं आणि लपवणं वेगळं, हे पोरालाही माहीत असतं. ‘बरणीतले लाडू मी नाही खाल्ले’ हे खोटं. कोणी विचारलंच नाही म्हणून गप्प बसणं हे लपवणं. मॅगातामा दुसऱ्या जातीच्या गोष्टीसाठी आहे. कुलूप दिसलं म्हणजे माणूस गुन्हेगार, असंही नाही. चौथ्या खटल्यातल्या एड्रियन अँड्र्यूजभोवतीही कुलपं दिसतात, आणि त्यांच्यामागे दडलेली असते तिची जुनी जखम. जिच्यावर तिचा सगळा भार होता ती सेलेस्ट आत्महत्या करून गेली, आणि त्यानंतर एड्रियननेही तसाच प्रयत्न केला. ती कुलपं फोडताना मला प्रत्येक वेळी संकोच वाटतो. कोर्टात ‘ऑब्जेक्शन’ म्हणताना असा संकोच कधी वाटत नाही.

आणि आता मॅट एनगार्ड. याच चौथ्या खटल्यातला फिनिक्सचा अशील. त्याच्यावर टीव्हीवरचा प्रतिस्पर्धी हुआन कोरिडा याच्या खुनाचा आरोप आहे. मायाला पळवून नेलेलं आहे आणि पळवणाऱ्याची अट एकच: एनगार्डला सोडवून दाखव. अशा वेळी फिनिक्स मॅगातामा जवळ ठेवून त्याला थेट विचारतो, तू खून केलास का? एनगार्ड म्हणतो, मी कोणालाही मारलेलं नाही. पडदा काळवंडत नाही. साखळी नाही, कुलूप नाही.

भाच्याला मी हा खेळ खेळायला दिला होता तेव्हा तो नेमका इथे माझ्याकडे वळून म्हणाला, “मावशी, हा सुटला! आता खरा कोण ते शोधायचं.” मी काही बोलले नाही. दोन दिवसांनी तो पुन्हा त्याच तुरुंगाच्या खोलीत पोचला. या वेळी पाच कुलपं आली. ती फुटली, एनगार्डने चेहऱ्यावरचे केस मागे सारले, खालचे व्रण दिसले, हातात ब्रँडीचा ग्लास आला, आणि आपण शेली डी किलर या भाडोत्री मारेकऱ्याला सुपारी दिल्याचं त्याने शांतपणे सांगितलं. भाचा बराच वेळ नुसता पडद्याकडे बघत बसला. मग म्हणाला, “पण तेव्हा कुलूप का नव्हतं?”

कारण प्रश्न चुकला होता. ‘तू मारलंस का’ याचं उत्तर ‘नाही’ हेच खरं होतं. मारलं डी किलरने. त्या प्रश्नापुरतं एनगार्डला लपवायला काही नव्हतंच. ‘तू मारवलंस का’ असं कोणी विचारलं नाही. कुलूप माणसाला नसतं, प्रश्नाला असतं. आपल्याकडे ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात, पण धर्मराजाला निदान ते शब्द पुटपुटावे तरी लागले. एनगार्डला तेवढीही गरज पडली नाही. फिनिक्सने स्वतःच त्याला सोयीचा प्रश्न विचारला.

म्हणून ‘नियम मोडला’ हे म्हणणं मला सहन होत नाही. दुसऱ्या खटल्यात जो नियम सांगितला तोच चौथ्यात अक्षरशः पाळलेला आहे. फक्त मधल्या काळात खेळणाऱ्याने मनातल्या मनात त्याचं ‘कुलूप म्हणजे खोटं, कुलूप नाही म्हणजे खरं’ असं भाषांतर करून टाकलेलं असतं. ताकुमींनी नेमक्या त्या चुकीच्या भाषांतरावर अख्खा खटला उभारला. एखादं नवं साधन हातात द्यायचं, त्याच्यावर भरवसा बसू द्यायचा, आणि मग त्या भरवशाचीच किंमत मोजायला लावायची, हे या मालिकेच्या पहिल्या भागात कुठे नाही. पहिल्या भागात अशील निर्दोष असतो यावर आपण डोळे मिटून विसंबतो.

आता उणिवा. उलटतपासणी आणि सायकी-लॉक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे खेळालाही नीट उमगलं असं वाटत नाही, कारण दोन्हींना शिक्षेची पट्टी एकच. पहिल्या भागात पाच चुकांची मोजणी कोर्टाच्या पुढच्या दिवशी नव्याने सुरू व्हायची. इथे एकच हिरवी पट्टी कोर्टात आणि बाहेर दोन्हीकडे झिजते, रात्र उलटली म्हणून भरत नाही. कुलपं पूर्ण फोडली तर बरीचशी परत मिळते. ज्या ठिकाणी अंदाज बांधायला सांगता, त्या ठिकाणी चुकीच्या अंदाजाला कोर्टाइतकाच दंड कशासाठी? परिणाम एवढाच होतो की प्रत्येक पुराव्याआधी लोक सेव्ह करतात आणि चुकलं की मागे जातात. पुरावा ठेवण्याआधी पट्टीचा किती भाग जाणार ते लुकलुकून दाखवतात, ते मात्र मला आवडतं. मोठा तुकडा लुकलुकायला लागला की छातीत धस्स होतं. पुराव्यासारखी माणसांची माहितीही समोर ठेवता येते, तेही चांगलं.

तिसरा खटला, बेरी बिग सर्कसचा, मला मुळीच आवडत नाही. मो नावाच्या विदूषकाची साक्ष संपता संपत नाही, त्याचे विनोद कोर्टातल्यांनाही नकोसे होतात, आणि अमुक मुद्दा ताणायचा की सोडायचा हे चुकलं की वर दंड. सोळा वर्षांच्या रेजिनाशी लग्न करायला निघालेले मोठे पुरुष खेळाला गोड वाटतात, मला वाटत नाहीत. शेवटी खरा खुनी अॅक्रो याचं दुःख आणि त्याच्या चाकाच्या खुर्चीत लपवलेला पुतळा, म्हणजे खुनाचं हत्यार, येतो तेव्हा खटला सावरतो, पण तोवर फार वेळ गेलेला असतो. पहिल्या खटल्यात नियम शिकवण्यासाठी फिनिक्सच्या डोक्यात अग्निशामक नळकांडं घालून त्याची स्मृती घालवली, तीही ओढूनताणून आणलेली युक्ती. आणि डीएसवर पहिल्या भागाला ल्युमिनॉल फवारायचा, फुंकर मारून बोटांचे ठसे काढायचा एक अख्खा पाचवा खटला जोडून मिळाला होता. या दुसऱ्या भागाला नवीन खटला मिळालाच नाही.

भाच्याने पुढे खेळ संपवला, आणि मग मागचं सेव्ह उघडून एनगार्डशी झालेली ती पहिली भेट पुन्हा काढली. वाक्य शब्द न् शब्द वाचलं. “खरंच की,” तो म्हणाला, “मारलं नाही एवढंच म्हणाला होता तो.”