'स्टार ट्रेक'चा पहिला चित्रपट आणि त्याआधीची दहा वर्षं

७ डिसेंबर १९७९ रोजी 'स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर' अमेरिकेत प्रदर्शित झाला. एंटरप्राइझ या अवकाशयानाच्या सफरींची मूळ दूरचित्रवाणी मालिका बंद पडून दहा वर्षं उलटली होती. चाहत्यांनी चित्रपटगृहांत गर्दी केली, पुन्हा पुन्हा तिकिटं काढली आणि बाहेर पडल्यावर त्याचं नाव ठेवलं 'द मोशनलेस पिक्चर', म्हणजे जागचा न हलणारा चित्रपट. इतकी ओढ आणि इतकी नाराजी एकाच वेळी कशी, हे त्या दहा वर्षांकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

जीन रॉडनबेरी यांची ही मालिका एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली. प्रेक्षकसंख्या बेताचीच होती. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ती बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम उभारली. कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक या तंत्रविज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी जानेवारी १९६८ मध्ये वाहिनीच्या बरबँक येथील कार्यालयावर मोर्चा नेला. लाखाहून अधिक पत्रं आली आणि अखेर १ मार्च १९६८ ला, मालिका पुढे चालू राहील, असं वाहिनीने थेट पडद्यावरून जाहीर केलं. माझ्या मते पुढच्या सगळ्या इतिहासाची गुरुकिल्ली या घोषणेत आहे. आपण लिहिलं तर मालिका वाचते, हे प्रेक्षकांना त्या दिवशी कळलं, आणि ते त्यांनी कधीच विसरलं नाही.

तिसरं वर्ष मिळालं, पण खर्चात कपात करून आणि शुक्रवारी रात्री दहाची पडेल वेळ देऊन. जून १९६९ मध्ये एकूण ७९ भागांवर मालिका थांबली.

खरी लोकप्रियता त्यानंतरची. ठिकठिकाणच्या स्थानिक वाहिन्यांनी हे भाग विकत घेऊन संध्याकाळच्या वेळी पुन्हा पुन्हा दाखवले आणि शाळा-कॉलेजातली एक नवी पिढी त्यांवर वाढली. चाहत्यांनी स्वतः काढलेले अंक तर आधीपासूनच होते, 'स्पॉकानेलिया' १९६७ चा. त्यांत कथा, चित्रं, मालिकेतल्या व्हल्कन या परग्रहावरच्या लोकांच्या चालीरीतींवर चर्चा असे. हे लिहिण्यात आणि अंक चालवण्यात स्त्रिया आघाडीवर होत्या. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात मेळावा भरला. आयोजकांनी काहीशे माणसं धरली होती, आली हजारोंनी. १९७६ मध्ये तर पत्रांचा ढीग व्हाइट हाउसवर पडला आणि नासाच्या पहिल्या स्पेस शटलचं ठरलेलं 'कॉन्स्टिट्यूशन' हे नाव बदलून 'एंटरप्राइझ' करण्यात आलं. प्रत्यक्ष उड्डाणाच्या चाचण्यांसाठी बांधलेल्या यानाला मालिकेतल्या यानाचं नाव!

इतकं होऊनही मालिका ज्यांच्या हाती होती त्या पॅरामाउंट स्टुडिओचं काही ठरत नव्हतं. चित्रपटाच्या कल्पना आल्या आणि गेल्या. १९७७ मध्ये नवी मालिका जाहीर झाली, तीही गुंडाळली. पण त्याच वर्षी 'स्टार वॉर्स'ने गल्ला भरला आणि पारडं चित्रपटाकडे झुकलं. रद्द झालेल्या मालिकेसाठी निवडलेली एक अभिनेत्री चित्रपटातही आली, ती मुंबईची पर्सिस खंबाटा. १९६५ ची मिस इंडिया. आयलिया या भूमिकेसाठी तिने डोक्याचा पूर्ण गोटा केला, आणि त्या चित्रपटातला सर्वांत लक्षात राहणारा चेहरा तिचाच आहे.

दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांना वेळ मिळाला नाही. प्रदर्शनाची तारीख पक्की होती, विशेष दृश्यांचं काम मध्येच दुसऱ्यांकडे सोपवावं लागलं आणि संकलनावर शेवटचा हात न फिरवताच प्रत पडद्यावर गेली. कप्तान कर्क आणि अभियंता स्कॉटी नव्या एंटरप्राइझभोवती सावकाश फेरी मारतात, ते दृश्य काही मिनिटं चालतं. दहा वर्षं वाट पाहिलेल्यांनी ते देवळात गाभाऱ्यासमोर उभं राहावं तसं पाहिलं, इतरांना कंटाळा आला. जाणकार चाहत्यांचा राग वेगळाच होता: कथा 'द चेंजलिंग' या जुन्या भागाशी फारच जुळत होती. आणि कर्क, त्याचा अर्धा व्हल्कन सहकारी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉय यांच्यातली ती थट्टामस्करी कुठे गेली, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. यानाच्या मोठ्या दालनात सगळे कर्मचारी जमतात, त्या दृश्यात स्वतः बीजो ट्रिंबल आणि इतर अनेक चाहते उभे आहेत. ज्यांनी मालिका वाचवली तेच पडद्यावर होते, मग पडद्याबाहेरच्यांनी हक्काने बोलू नये तर काय करावं?

तक्रारी झाल्या तरी चित्रपट चालला, आणि पुढचा भाग बराच कमी पैशांत काढायचं ठरलं. त्यात स्पॉक मरणार ही बातमी फुटल्यावर चाहते पुन्हा पेटून उठले. निषेधाची पत्रं आली, धमक्याही आल्या. धमक्यांचं समर्थन कुणीच करू नये. दिग्दर्शक निकोलस मायर यांनी त्यावर तोड काढली. जून १९८२ मध्ये आलेल्या 'द रॅथ ऑफ खान'मध्ये सुरुवातीलाच स्पॉक कोसळतो, आणि लगेच कळतं की हा प्रशिक्षणातला सराव होता. अफवा ऐकून आलेले प्रेक्षक निर्धास्त झाले. शेवटी स्पॉक खरोखर गेला तेव्हा त्यांचा राग दुःखात बदलला होता, आणि हाच चित्रपट आज बहुतेक चाहते सर्वांत वर ठेवतात.

पहिल्या चित्रपटाला न्याय मिळायला मात्र २००१ उजाडावं लागलं. वाइज यांनी अपुरं राहिलेलं संकलन त्या वर्षी पूर्ण केलं. ही आवृत्ती पाहून अनेक जुन्या टीकाकारांनी आपलं मत बदललं.