आवाज सारखा करताना आलाप का सपाट होतो?

सतारवादनाच्या ध्वनिमुद्रिकेत आलाप, जोड, झाला आणि गत हे वादनाचे टप्पे बऱ्याचदा वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात. खर्जातला पहिला सूर जेमतेम कानी यावा आणि झाल्यात चिकारीच्या तारांनी खोली भरून जावी, ही त्या वादनाची चढण. नॉर्मलायझेशन, म्हणजे ॲपमधली आवाज आपोआप सारखा करण्याची सोय, ट्रॅकनिहाय चालू असेल तर प्रत्येक तुकडा एकाच पातळीवर येतो आणि चढण नाहीशी होते.

ॲप प्रत्येक ट्रॅकची कानाला जाणवणारी सरासरी पातळी मोजते. त्यासाठीची मोजपट्टी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली ठरवली, एकक एलयूएफएस. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर उणे १४ एलयूएफएस गाठू पाहते, ॲपल म्युझिक उणे १६. मोठ्या आवाजाचा ट्रॅक अख्खा खाली उतरतो, लहान आवाजाचा अख्खा वर चढतो. वाढ-घट सगळीकडे सारखीच, म्हणून ट्रॅकच्या आतले लहान-मोठेपण शाबूत राहते. नॉर्मलायझेशनवर येणारा दोष पुष्कळदा खरे तर कॉम्प्रेसरचा, म्हणजे मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातले अंतर कमी करणाऱ्या प्रक्रियेचा, असतो.

अडचण येते ती तबल्यामुळे. थाप क्षणभरच, पण तिचे टोक सरासरीच्या कितीतरी वर. समजा, एका ख्यालाची सरासरी उणे २३ आहे आणि तबल्याचे टोक उणे ३ डेसिबलवर. उणे १४ गाठायला ९ डेसिबल वाढवावे लागतील, म्हणजे टोक शून्याच्या, म्हणजे डिजिटल ध्वनीच्या कमाल मर्यादेच्या, ६ डेसिबल वर जाऊन आवाज फाटेल. म्हणून स्पॉटिफाय 'नॉर्मल' सेटिंगवर टोक उणे १ ला पोचताच थांबते. वाढ फक्त २ डेसिबल. ट्रॅकचा आवाज लहान वाटतो, पण थाप जशीच्या तशी राहते. 'लाउड' निवडले तर लक्ष्य उणे ११ होते आणि लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीवर आवाज अडवणारी प्रक्रिया, ती टोके दाबतो. शास्त्रीय संगीतासाठी 'लाउड' नकोच. ॲपमधून 'नॉर्मल' ठेवा आणि ॲम्प्लिफायरचे बटण फिरवा.

कॉम्प्रेसर मात्र क्षणोक्षणी पातळी बदलतो. यूट्यूबवरचा 'स्टेबल व्हॉल्यूम' याच जातीचा. तो ओळखायला तंबोरा पुरतो. गायक तान घेऊन समेवर येतो, श्वासासाठी थांबतो, आणि त्या अर्ध्या-एक सेकंदात तंबोरा फुगून पुढे येतो. पुढचा सूर लागताच मागे ढकलला जातो. मैफलीत तंबोरा अखंड एकाच पातळीवर झंकारत असतो, म्हणून त्याचे हे हेलकावे लगेच जाणवतात. असे ऐकू आले तर व्हिडिओवरच्या दातेरी चक्राखाली जाऊन ती सोय बंद करा. तरीही तंबोरा हलत असेल तर कॉम्प्रेशन मूळ ध्वनिमुद्रणातच आहे. ते ऐकणाऱ्याला काढता येत नाही.

चढण राखायची तर वाढ-घट अल्बमनिहाय हवी. स्पॉटिफायवर अल्बम ओळीने लावला की ती तशीच होते. शफल किंवा प्लेलिस्टमध्ये ट्रॅकनिहाय होते. स्वतःच्या फाइल असतील तर फूबार२००० या संगणकावरच्या प्लेअरमध्ये अल्बमचे सगळे ट्रॅक निवडून रिप्लेगेनचे (आवाजाची पातळी मोजून ठेवणाऱ्या सोयीचे) स्कॅन 'एकच अल्बम' म्हणून करा. मग प्लेबॅकच्या सेटिंगमध्ये 'अल्बम' निवडा आणि आवाज फाटू न देण्याचा पर्यायही चालू ठेवा. यात वाढ-घटीचा आकडा फक्त फाइलच्या टॅगमध्ये, म्हणजे माहितीच्या नोंदीत, लिहिला जातो, ध्वनीला हात लागत नाही.

गाडीत मात्र कॉम्प्रेशन खुशाल लावा. सीडीत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावत असले, तरी धावत्या गाडीच्या घरघरीखाली आलापाची सुरुवात बुडते, आणि ती ऐकायला आवाज वाढवला की द्रुतमध्ये कान दुखतात.