बगदादची कुमक आणि हेलमंदची कुमक

अमेरिकेने इराकमध्ये २००७ साली जादा सैन्य पाठवलं आणि अफगाणिस्तानात २००९-१० मध्ये पुन्हा पाठवलं. दोन्ही वेळा आकडा ३० हजारांच्या घरातला. जनरल डेव्हिड पेट्रेयस दोन्हीकडे सेनापती झाले. लढण्याची पुस्तिकाही एकच होती, डिसेंबर २००६ मध्ये निघालेली. बंडखोर मारत सुटण्यापेक्षा वस्तीतल्या माणसाला सुरक्षित ठेवा, असं तिचं सांगणं. त्यात इंग्रजीत दोन्हींना 'सर्ज' हाच शब्द. मग गल्लत होणारच, आणि 'तिथे जमलं ते इथे का नाही जमलं?' हा प्रश्न हमखास येतो. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो, कारण मुळात या दोन गोष्टी एक नाहीत.

आधी इराक. फेब्रुवारी २००६ मध्ये समारा शहरातल्या, शियांना पवित्र असलेल्या अल-अस्करी मशिदीचा सोनेरी घुमट स्फोटाने उडवला गेला आणि शिया-सुन्नी कत्तलींना ऊत आला. बगदादच्या रस्त्यांवर सकाळी प्रेतं सापडायची. १० जानेवारी २००७ रोजी बुश यांनी पाच जादा ब्रिगेड (एकेकीत काही हजार सैनिक) पाठवत असल्याचं जाहीर केलं. पण खरा बदल सैनिक राहणार कुठे, यात होता. तोवर बरेचसे जवान शहराबाहेरच्या मोठ्या तळांवर राहायचे, गस्त घालून परत जायचे. आता त्यांना मोहल्ल्यांमधल्या लहान चौक्यांत, इराकी पोलिसांच्या शेजारी बसवलं. बाजारांभोवती, वस्त्यांभोवती काँक्रीटच्या उंच भिंती उभ्या राहिल्या. माणसं पुरेनात म्हणून १२ महिन्यांची तैनाती १५ महिन्यांची केली. त्या वर्षी ९०० हून जास्त अमेरिकी सैनिक मारले गेले, संपूर्ण इराक युद्धातलं ते सर्वांत वाईट वर्ष. पुढच्या वर्षी हा आकडा जवळपास एक तृतीयांशावर आला.

एवढंच वाचलं तर कुमकेनेच सगळं केलं असं वाटतं. पण अनबार प्रांतातल्या रमादीत सुन्नी टोळ्या सप्टेंबर २००६ मध्येच, म्हणजे बुश यांच्या भाषणाच्या चार महिने आधी, अल-कायदावर उलटल्या होत्या. त्यांचे पुढारी होते शेख अब्दुल सत्तार अबू रिशा. अल-कायदा त्यांच्याच लोकांचे मुडदे पाडत होती, त्याचा हा संताप होता. हेच लोण पुढे बगदादपर्यंत आलं. सुमारे एक लाख माणसं महिना ३०० डॉलरच्या आसपास मोबदल्यावर नाक्यांवर पहारा द्यायला उभी राहिली, त्यातले कित्येक काल-परवापर्यंत अमेरिकनांवरच गोळ्या झाडत होते. ऑगस्ट २००७ मध्ये शिया धर्मगुरू मुक्तदा अल-सद्र यांनी आपल्या शिया सैन्याला शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं. शेतकऱ्याच्या भाषेत, जमिनीला वाफसा आला होता. कुमक ऐन वेळेवर पोचली, हे तिचं श्रेय नक्कीच आहे, पण वाफसा तिने आणलेला नव्हता.

या सगळ्या काळात अफगाणिस्तान उपाशी होतं. डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्वोच्च लष्करी अधिकारी अ‍ॅडमिरल माइक मलन यांनी संसदेपुढे उघडच सांगितलं, की अफगाणिस्तानात आम्ही जमेल ते करतो, इराकमध्ये करावंच लागेल ते करतो. सैन्य एकच, युद्धं दोन. इराकमधून माणसं मोकळी झाल्याशिवाय अफगाणिस्तानला मिळणार नव्हती. ओबामांनी फेब्रुवारी २००९ मध्ये पहिले १७ हजार पाठवले, त्यात इराकला निघायच्या तयारीत असलेली एक स्ट्रायकर ब्रिगेडसुद्धा होती. स्ट्रायकर म्हणजे आठ चाकांची चिलखती गाडी, इराकच्या डांबरी रस्त्यांवर वेगाने धावणारी. ही ब्रिगेड पोचली ती कंदहारजवळच्या अर्घंदाब खोऱ्यात. तिथे डाळिंबाच्या बागा, द्राक्षमळे, पाण्याचे पाट, मातीच्या जाड भिंती. गाडी फिरणार मोजक्या वाटांवर आणि त्याच वाटांवर स्फोटकं पुरलेली. तिची माणसं फार मेली. इराकसाठी केलेल्या सुरुंगरोधक अवजड गाड्याही अफगाण कच्च्या रस्त्यांना झेपेनात, म्हणून त्यांचा हलका अवतार बनवून पाठवावा लागला. 'तेच इथे करू' या विचाराचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

१ डिसेंबर २००९ ला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत ओबामांनी आणखी ३० हजारांची घोषणा केली आणि त्याच भाषणात जुलै २०११ पासून माघार सुरू होईल असंही सांगितलं. बुश यांनी तारीख दिली नव्हती. अनेक जण सगळा दोष या तारखेला देतात. तालिबानला नुसतं थांबून राहायचं होतं, हे खरंच आहे. पण तारीख दिली नसती तरी दक्षिण अफगाणिस्तानातल्या मारजाहमध्ये निकाल वेगळा लागला असता, असं मला वाटत नाही.

हेलमंद प्रांतातल्या मारजाहवर फेब्रुवारी २०१० मध्ये मोठी चढाई झाली. तिथले कालवे अमेरिकेच्याच मदतीने काही दशकांपूर्वी खोदलेले. मोहल्ल्याला भिंत घालता येते, पण इथे घरं शेतांमधून विखुरलेली, भिंत घालायची कशाभोवती? तेव्हाचे सेनापती जनरल मॅक्रिस्टल म्हणाले होते, की आमच्याकडे खोक्यात बांधून तयार ठेवलेलं सरकार आहे. पण ते गावकऱ्यांचं सरकार नव्हतं. बाजार ताब्यात आला, तरी सैनिकांशी बोलणाऱ्याला रात्री धमक्या येतच राहिल्या. रमादीत अल-कायदा पुष्कळांना उपरी वाटली. मारजाहमधला तालिबानी मात्र बहुतेकदा शेजारच्याच गावचा होता.

आणि त्याचे वरचे पुढारी सीमेपलीकडे, पाकिस्तानातल्या क्वेट्ट्यात. पाकिस्तानवर दबाव आणावा, तर अमेरिकी फौजेची बरीचशी रसद कराची बंदरावरून खैबर आणि चमन या सीमेवरच्या वाटांनी जायची. नोव्हेंबर २०११ मध्ये सीमेवरच्या सलाला चौकीवर नाटोच्या हवाई हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक मारले गेल्यावर ती वाट सात महिने बंद राहिली. उत्तरेकडून मध्य आशियातून माल आणावा लागला, तो कितीतरी महाग. इराकला कुवेत बंदर होतं, तिथे अशी कोंडी नव्हती.

सप्टेंबर २०१२ पर्यंत अफगाणिस्तानातली ही जादा कुमक परत गेली. इराकमधून शेवटची तुकडी त्याआधीच, डिसेंबर २०११ मध्ये निघाली होती. नाक्यांवर उभ्या राहिलेल्या त्या सुन्नी माणसांना सरकारी नोकऱ्यांचं आश्वासन होतं. बगदादच्या सरकारने ते पुरतं पाळलं नाही, काहींना तर अटक झाली. जून २०१४ मध्ये उत्तर इराकमधलं मोसूल आयसिसच्या हाती गेलं. मारजाहमध्ये जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकी विशेष दलाचा एक जवान मारला गेला, तेव्हा त्या परिसराचा बराच भाग परत तालिबानकडे गेलेला होता.