20 किलोच्या झाकणाला 200 न्यूटनचा स्ट्रट? हिशेब चुकतोय

पॉवरबोटीच्या इंजिनावरचं झाकण 20 किलोचं असेल तर 200 न्यूटनचा (किलोला साधारण 10 न्यूटन) गॅस स्ट्रट, म्हणजे झाकण उचलून धरणारा, दाबलेला वायू भरलेला दांडा-नळकांड्याचा टेकू, पुरे, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे चूक आहे. स्ट्रट झाकण सरळ उचलत नाही, बिजागरीभोवती फिरवतो. त्यामुळे अंतर हिशेबात धरावंच लागतं.

समजा, झाकण 1 मीटर लांब आहे आणि जवळजवळ आडवं आहे. त्याचं वजन बिजागरीपासून 50 सेंटीमीटरवर पडतं. स्ट्रटच्या जोराची रेषा मात्र बिजागरीपासून 20 सेंटीमीटरवरून जाते. म्हणजे जोर अडीचपट हवा: सुमारे 500 न्यूटन, दोन बाजूंना 250चे दोन स्ट्रट.

मग सरळ 800चेच लावावेत का? मुळीच नको. फायबरचं झाकण पिळवटतं, बिजागरीचे स्क्रू उपटून येतात.

बसवताना, झाकण बंद असेल तेव्हा स्ट्रटचा दांडा खाली आणि नळकांडं वर राहील असं पाहा. आतलं तेल सीलवर, म्हणजे दांड्याभोवतीच्या गॅस अडवणाऱ्या कडीवर राहतं, आत भरलेला नायट्रोजन वायू टिकतो. खाऱ्या पाण्यात 316 स्टेनलेसच (गंजाला जास्त टिकणारं स्टील) घ्या. साध्या दांड्यावर गंजाचा एक खरखरीत ठिपका उठला, की तो प्रत्येक उघडझापीला सील खरवडतो, गॅस गळतो, आणि एक दिवस झाकण इंजिनावर वाकलेल्या माणसाच्या पाठीवर येतं.